जंतू नाही, तरी ताप का?



आयसीयूच्या बाहेर बसलेल्या घरच्यांना एक प्रश्न हमखास पडतो. अपघातात मांडीचे हाड मोडलेले असते, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले असतात. ताप उतरत नाही, नाडी जोरात चालते, धाप लागते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. डॉक्टर म्हणतात, "कल्चरमध्ये काही उगवलेले नाही." मामू विचारतात, "जंतू नाही, तर ताप कशाचा?" आणि शेजारी उभे असलेले चाचा हात जोडतात, "डॉक्टरसाहेब, भारीतले अँटिबायोटिक द्या, पैशाकडे पाहू नका."

मामूंचा प्रश्न अगदी योग्य आहे. तो वैद्यकशास्त्रालाही बरीच वर्षे छळत होता. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग गेल्या पंधरा-वीस वर्षांत हाती लागला. या महिन्यात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत, आणि चाचांच्या मागणीविषयीही.

बोटात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. यालाच दाह म्हणतात. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना शहरात इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती पेशींची गर्दी जमली होती. शरीराची पहिली फौज ती हीच. तिला आधी शिकवावे लागत नाही, लस द्यावी लागत नाही, ती जन्मापासून हजर असते. म्हणून तिला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात.

या फौजेला परका कसा ओळखू येतो, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले की जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात, ज्या आपल्या पेशींवर नसतात. पहारेकरी त्या खुणा पाहतात. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी उलटा मुद्दा काढला. त्यांचे म्हणणे असे, की पहारेकरी आपला-परका पाहतच नाहीत, ते नुकसान पाहतात. पेशी फुटली, आतला माल बाहेर सांडला, की दवंडी पिटली जाते. दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्च झाली. आमच्या मते या वादातली सगळ्यात मजेची गोष्ट ही, की एक वस्तू अशी निघाली जी दोघांनाही बरोबर ठरवते. ती आपली स्वतःची आहे, नुकसान झाल्यावरच बाहेर येते, आणि तिच्या अंगावर जंतूची खूणही आहे.

ती वस्तू म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला डीएनए.

मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाला तंतुकणिका म्हटलेले असते, आणि परीक्षेत "पेशीचे ऊर्जाकेंद्र" असे लिहिले की गुण मिळतात. खाल्लेल्या भाकरीपासून श्वासातल्या प्राणवायूच्या मदतीने शक्ती तयार करण्याचे काम त्या करतात. काही पेशींत त्या शेकड्यांनी असतात, काहींत हजारांनी. (रक्तातल्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशींत मात्र एकही नसते.) १९६३ मध्ये स्टॉकहोममध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याला कोंबडीच्या गर्भाच्या पेशी पाहताना या कणिकांच्या आत बारीक धागे दिसले. तो डीएनए होता. तोवर डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहतो असे सगळे धरून चालले होते. मग या कणिकांना वेगळा डीएनए कशाला?

१९६७ मध्ये अमेरिकेतल्या लिन मार्ग्युलिस यांनी उत्तर दिले. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे पंधराएक नियतकालिकांनी तो लेख परत पाठवला होता. त्यांचे म्हणणे असे होते, की या कणिका एके काळी स्वतंत्र जिवाणू होत्या. दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या पेशीच्या पोटात एक जिवाणू गेला, पचला नाही, आणि तिथेच राहिला. त्याला आसरा मिळाला, पेशीला शक्ती मिळाली. आज हे शास्त्रात सर्वमान्य आहे. पुरावेही त्याच डीएनएत आहेत. केंद्रकातला आपला डीएनए लांबच लांब धाग्यांचा, सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा. कणिकेतला मात्र जिवाणूसारखा गोल कड्याचा आणि अगदी छोटा. १९८१ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो पूर्ण वाचला, तेव्हा अक्षरे निघाली १६,५६९ आणि जनुके फक्त ३७. तो आपल्याला आईकडूनच मिळतो: अम्मीला नानीकडून, नानीला तिच्या आईकडून.

आणखी दोन फरक आमच्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत. केंद्रकातल्या डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाच्या रसायनाचे बारीक शिक्के असतात. जिवाणूंच्या डीएनएवर ज्या ठिकाणी ते नसतात, त्या ठिकाणी कणिकेच्या डीएनएवरही ते जवळपास नसतातच. दुसरे म्हणजे कणिका आपली प्रथिने बनवताना सुरुवातीला फॉर्माइल नावाचा एक तुकडा जोडते. जिवाणूही हेच करतात. कोट्यवधी वर्षे आपल्या घरात राहूनही या पाहुण्याचे बोलणे माहेरच्याच वळणाचे राहिले आहे. पेशीच्या आत, दुहेरी पडद्याच्या मागे तो आहे, तोवर कोणाची तक्रार नाही. तो बाहेर सांडला, की पहारेकऱ्याला जिवाणूच दिसतो.

याचा रुग्णाशी संबंध २०१० मध्ये स्पष्ट झाला. मोठ्या अपघातानंतर जंतूंशिवाय पेटणाऱ्या दाहाचा संशय त्याआधी बरीच वर्षे आतड्यांवर होता. धक्क्याने आतड्याची भिंत सैल होते आणि तिथले जंतू रक्तात उतरतात, असा तर्क होता. पण कितीतरी रुग्णांच्या रक्तात शोधूनही जंतू सापडेनात. बोस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयात कार्ल हाउसर आणि सहकाऱ्यांनी गंभीर अपघातातल्या रुग्णांचे रक्त तपासले. त्यात जिवाणूंचा डीएनए नव्हता. कणिकांचा डीएनए मात्र निरोगी माणसांच्या तुलनेत हजारो पटींनी जास्त होता. हाड मोडले, मांस चिरडले गेले, पेशी फुटल्या, आणि त्यांच्या कणिका रक्तात वाहून आल्या. फॉर्माइलचे तुकडे पाहून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावल्या, शिक्के नसलेला डीएनए पाहून आणखी पेटल्या. फुटलेल्या कणिकांचा हा माल उंदरांच्या मोठ्या जातीत, म्हणजे रॅटमध्ये, शिरेतून दिला तेव्हा त्यांच्या फुप्फुसांना दाह झाला. मोडले होते मांडीचे हाड आणि धाप लागते छातीला, हे कसे, याचा उलगडा इथे होतो.

आता चाचांची मागणी. अँटिबायोटिक जंतू मारते. सांडलेल्या कणिकेला ते काही करू शकत नाही. पण याचा अर्थ अपघातानंतरचा प्रत्येक ताप निर्धोक असतो असा मुळीच नाही. अशा रुग्णाला खरा जंतुसंसर्गही सहज होऊ शकतो, आणि बाहेरून दोन्ही तापांचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून डॉक्टर संशय आला तर वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात, रक्त आणि लघवी कल्चरला पाठवतात, आणि रिपोर्ट व तब्येत पाहून औषध बदलतात किंवा थांबवतात. थांबवले, की घरच्यांचा जीव वर-खाली होतो. "इलाज बंद केला" अशी कुजबुज सुरू होते. खरे तर तोही इलाजच असतो. घरच्यांनी एवढेच विचारावे: कल्चरचा रिपोर्ट कधी येईल, आणि तो आल्यावर औषधाचे काय करणार? हा प्रश्न कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना आवडतो.

त्याच जोडीला सीआरपीचा रिपोर्ट. हल्ली लोक तो मोबाईलवर आला की घरच्या ग्रुपवर टाकतात आणि "इन्फेक्शन वाढले" असे ठरवून मोकळे होतात. सीआरपी दाह मोजते. दाह कशाने झाला हे ती सांगत नाही. मोठ्या ऑपरेशननंतर, एकही जंतू नसताना, ती दोन-तीन दिवस चढते आणि मग उतरू लागते. उतरायच्या वेळी ती पुन्हा चढली, तर डॉक्टरांचे कान टवकारतात. एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेला चालला आहे हे जास्त बोलके असते. कणिकांचा डीएनए मोजणारी तपासणी मात्र अजून संशोधनापुरतीच आहे, नेहमीच्या पॅथॉलॉजीत ती मागू नये.

पेशीत या डीएनएला पकडणारे पहारेकरी दोन वेगळ्या स्वभावांचे आहेत. पहिला टीएलआर-९. तो जपानमधल्या ओसाकात शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये ओळखला. पेशीने बाहेरून गिळलेला माल ज्या पिशव्यांत पचतो, तिथे तो बसतो आणि शिक्के तपासतो. दुसरा सी-गॅस. तो डॅलसमध्ये जेम्स चेन यांच्या गटाने शोधला, २०१३ च्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झाले, आणि २०२४ मध्ये चेन यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. सी-गॅस शिक्के वाचत नाही. त्याला फक्त जागा कळते. डीएनए केंद्रकात असावा किंवा कणिकेत असावा. पेशीच्या मोकळ्या भागात तो दिसला, तर कोणाचा आहे हे न विचारता तो गजर करतो. मग स्टिंग नावाचे प्रथिन जागे होते आणि पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारच्या पेशींना खबर जाते की सावध व्हा, विषाणू आला असावा. बहुतेक वेळा खरोखरच विषाणू आलेला असतो, म्हणून हा पहारेकरी इतका फटकळ असूनही कामाचा आहे.

इथे एक शंका येईल. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. मग रोज ताप का येत नाही? कारण त्या बहुतेक ठरवून मरतात. आवराआवर करून, आतला माल गुंडाळून, सफाई करणाऱ्या पेशींच्या हवाली होतात. गंमत अशी, की या ठरवून मरण्यातही कणिकांना भोके पडतात आणि डीएनए बाहेर येतो. तरीही गजर होत नाही. २०१४ मध्ये मेलबर्न आणि येल इथल्या दोन गटांनी एकाच वेळी कारण दाखवले: मरणाऱ्या पेशीतली कॅस्पेज नावाची विकरे गजराची तार आधीच कापून टाकतात. ही विकरे बंद पाडली, तर तीच पेशी मरताना इंटरफेरॉनचा आरडाओरडा करते. चिरडून मरणाऱ्या पेशीला तार कापायला वेळच मिळत नाही.

जिवंत पेशीतही रोजची झाडलोट चालते. बिघडलेली कणिका पिशवीत गुंडाळून पचवली जाते. पिशवीत डीएनए कापणारे विकर असते. ओसाकाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांच्या हृदयातून ते विकर काढून टाकले आणि हृदयावर दाब वाढवला. न कापलेल्या डीएनएमुळे हृदयाला दाह होऊन ते निकामी होऊ लागले. पिंक-१ आणि पार्किन ही या झाडलोटीतली दोन प्रथिने. ती नसलेल्या उंदरांना दमेपर्यंत पळवले, तर त्यांच्या रक्तात दाहाची रसायने वाढतात, आणि स्टिंग काढून टाकले तर वाढत नाहीत. हे २०१८ चे काम. याच दोन प्रथिनांच्या जनुकांत दोष असलेल्या माणसांना कमी वयात कंपवात होतो, त्यामुळे या शोधाकडे मेंदूचे डॉक्टरही लक्ष ठेवून आहेत.

झाडलोटीचा विषय निघाला की व्हॉट्सअ‍ॅप आठवतेच. "जपानी शास्त्रज्ञाला रोज्यावरच्या संशोधनासाठी नोबेल" हा मजकूर दर रमजानमध्ये फिरतो. हाच मजकूर शब्द बदलून एकादशीच्या नावानेही फिरतो. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले ते पेशी आपलाच माल कसा पचवते हे शोधल्याबद्दल, आणि त्यांनी ते शोधले यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वात. किण्वाला उपाशी ठेवले होते हे खरे. माणसाच्या रोज्याचा त्यात काही संबंध नव्हता. माणसांवरचे एक छोटे काम आमच्या पाहण्यात आहे. अमेरिकेत १९ निरोगी स्वयंसेवकांनी २४ तास उपास केला, तेव्हा त्यांच्या रक्तपेशींतली दाहाची एक यंत्रणा जेवणानंतरच्या मानाने शांत आढळली. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९ माणसे आणि एक दिवस, एवढाच त्याचा आवाका. रोजा फर्ज आहे म्हणून आपण ठेवतो, त्याला नोबेलचा शिक्का मिळवण्यासाठी खोटे कशाला पसरवायचे? आणि "कणिका शुद्ध करणारी" म्हणून जी चूर्णे आणि गोळ्या विकायला येतात, त्यांवर पैसे घालवू नयेत.

सांडलेला डीएनए प्रत्येक वेळी नुकसानच करतो असेही नाही. येलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की कणिकांवर थोडा ताण येऊन त्यांचा डीएनए जरासा पाझरला, तर पेशी विषाणूंशी लढायला आधीपासूनच तयार राहते. आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी येणाऱ्या डेंग्यूत याचे नमुनेदार उदाहरण आहे. डेंग्यूच्या विषाणूत डीएनए नसतोच, त्याची लिपी आरएनएची. म्हणजे सी-गॅसला तो दिसायला नको. पण विषाणू पेशीत धुडगूस घालतो, कणिका दुखावतात, त्यांचा डीएनए पाझरतो, आणि घरच्या डीएनएमुळे चोर पकडला जातो. विषाणूही कमी नाही. त्याचे एनएस-२बी नावाचे प्रथिन सी-गॅसलाच नष्ट करायला लावते. हे २०१७ मध्ये उघड झाले. डेंग्यूच्या तापातही अँटिबायोटिक उपयोगाचे नसते, आणि तापासाठी पॅरासिटामॉलखेरीज इतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा गजर महिनोन्महिने वाजत राहतो तेव्हा काय होते, ते ल्युपसच्या रुग्णांना विचारावे. सांधे धरणे, ऊन लागताच गालांवर उठणारे लाल चट्टे, बारीक ताप, केस गळणे, कधी मूत्रपिंडावर घाव. दहा रुग्णांत नऊ बायका, त्यातही बहुतेक तरुण. घरात तिला "आळशी" म्हटले जाते, कोणी नजर लागली म्हणते, आणि खऱ्या निदानाला वर्षे जातात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना आढळले, की ल्युपसमध्ये न्यूट्रोफिल पेशी आपल्या कणिकांचा खराब झालेला डीएनए बाहेर फेकतात, आणि तो इंटरफेरॉनचा गजर चालू ठेवतो. ल्युपसला हे एकच कारण नाही, पण मोठे आहे. इंटरफेरॉनची खबर पेशीपर्यंत पोचू न देणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे इंजेक्शन २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. संधिवाताशीही याचे नाते दिसते. स्वीडनच्या संशोधकांनी २००४ मध्येच उंदरांच्या सांध्यात कणिकांचा डीएनए टोचला तर सांधा सुजला. केंद्रकातला टोचला तर सुजला नाही.

ल्युपसमधली रोजची जुनी आणि स्वस्त गोळी म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन. मूळची मलेरियाची. ती पेशीच्या पचनाच्या पिशव्यांत साठते आणि तिथल्या टीएलआर-९ सारख्या पहारेकऱ्यांना शांत ठेवते, असे मानले जाते. २०२० मध्ये कोविडसाठी लोक हिच्यामागे धावले आणि जगभर ल्युपसच्या रुग्णांना तीच मिळेना. पुढे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दवाखान्यात दाखल कोविड रुग्णांना तिचा फायदा झाला नाही. ल्युपसला मात्र तिचा फायदा वर्षानुवर्षे दिसत आला आहे, आणि तो गोळी नियमित घेतली तरच मिळतो. बरे वाटू लागले म्हणून ती सोडली, की आजार उसळण्याची शक्यता वाढते. दिवस राहिले म्हणूनही ती मनाने बंद करू नये. बहुतेक रुग्णांना डॉक्टर ती गरोदरपणातही चालू ठेवायला सांगतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ठरलेल्या वेळी करून घ्यावी.

रमजानमध्ये या गोळ्या बंद केल्याचे आमच्या कानावर येते. ही गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची असते, त्यामुळे इफ्तार आणि सहरीत तिची वेळ सहसा बसते. पण ल्युपसच्या रुग्णाला स्टिरॉइड किंवा मूत्रपिंडाची औषधेही चालू असतील, किंवा आजार उसळलेला असेल, तर रोजे ठेवावेत की नाहीत हे आधी तपासावे लागते; आजाऱ्याला शरीअतमध्ये सवलत आहेच. रमजानच्या महिनाभर आधी सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि कोणती गोळी इफ्तारला, कोणती सहरीला, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणावे.